हितं फाटा संपला

खंडेनवमीच्या दिवशी नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीतून चक्कर मारलीत तर शेडशेडला एकच थाट दिसतो. लेथ धुऊनपुसून झेंडूची माळ घालून उभं असतं आणि पुढे पाटावर पाने-पकडी, ड्रिल, व्हर्नियर मांडून त्यांवर हळदकुंकू वाहिलेलं असतं. ज्याचं जे हत्यार, ते त्याने पाटावर ठेवायचं. आमची शेड सॉफ्टवेअरची. शेजारी प्रेस शॉप, दिवसभर धाडधाड, आणि आम्ही आठ-दहा जण पत्र्याखाली कॉम्प्युटरसमोर बसलेले. आमच्या पाटावर काय ठेवायचं हा दरवर्षी हशाचा विषय व्हायचा. कोणी कीबोर्ड ठेवायचं, कोणी माउस. मी माझा चष्मा ठेवायची. आणि रावसाहेब त्यांचा हेडफोन ठेवायचे, एका कानाचा, वायरीला चिकटपट्टी गुंडाळलेला.

रावसाहेब आमच्याकडचे प्रोग्रामर. लहानपणीच्या तापात त्यांचे दोन्ही डोळे गेलेले. नावातच साहेब असल्यामुळे त्यांना अरेतुरे करायची सोय नव्हती, आणि मी वयाने बारा वर्षांनी मोठी व हुद्द्याने वरची असूनही कधी केलं नाही. एवढा मान मात्र मी त्यांना न चुकता दिला.

सहा-सात वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला रावसाहेबांनी पाटावर हेडफोन ठेवला नाही. चाचपडत टेबलावरचा फोन उचलला, वायर आवरली आणि तो पाटावर ठेवला.

"ह्ये काय रावसाहेब?" कोणीतरी विचारलं.

"आता ह्येच माजं हत्यार हाय बाबा," ते म्हणाले. "मॅडमनी दिलंय."

सगळे हसले. मीही हसले. फोनला हळदकुंकू मीच वाहिलं. हे सगळं लिहायला बसले आहे ते त्या हसण्यामुळे. निवृत्त होऊन वर्ष झालं. लोक विचारतात, तुमच्या कामातले गमतीदार अनुभव लिहा. गमतीदार पुष्कळ आहेत, पण लेखणी हातात घेतली की आधी तो फोन दिसतो.

आधी धंदा समजावून सांगते. गावोगावचं दूध सकाळ-संध्याकाळ शीतकरण केंद्रावर येतं, मोठ्या टाक्यांत थंड होतं आणि टँकरने पुढे जातं. टाकी रिकामी झाली की तीच टाकी आणि त्याच नळ्या कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याने धुवायच्या. म्हणजे ज्या नळीतून सकाळी दूध गेलं तिच्यातूनच दुपारी सोडा जातो आणि संध्याकाळी परत दूध. कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा, कधी मिटायचा, हे आमचा प्रोग्राम ठरवायचा. चुकलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार होती. एका केंद्राच्या चेअरमनना मशीन चालू होताना 'राम राम' म्हणायला हवं होतं. आम्ही तशी सोय करून दिली आणि पुढे वर्षभर त्यांना उलट 'राम राम' म्हणताना लोकांनी पाहिलं. दुसऱ्या एका ऑपरेटरने स्क्रीनला नजर लागू नये म्हणून काळी बाहुली बांधली होती, ती नेमकी तापमानाच्या आकड्यावर लोंबायची. तापमान किती विचारलं की तो बाहुली बाजूला करून सांगायचा. या लोकांशी फोनवर बोलायचं काम ऑफिसात कोणालाच नको असे. हे लक्षात ठेवा.

आमचा मूळ प्रोग्राम जुन्या, सगळीकडे चालणाऱ्या भाषेत लिहिलेला होता. अकरा वर्षं त्याला ठिगळं लावून लावून तो गोधडी झाला होता. अशात मी पुण्याला एका दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेले आणि ओकॅमल नावाच्या भाषेच्या प्रेमात पडले. फार थोडे लोक ती वापरतात. तिची खासियत अशी की दुधाच्या जागी सोडा दिलात तर प्रोग्राम चालायच्या आधीच ती अडवते. म्हणजे तुम्ही तिला दूध म्हणजे काय आणि सोडा म्हणजे काय हे नीट सांगितलं असेल तर. तिचं चिन्ह उंट आहे. ऑफिसात मग तिचं नावच उंट पडलं. "उंट चालला का?" "न्हाई, बसलाय," असं दिवसभर चालायचं.

लोकप्रिय भाषेत एक सुख असतं, हत्यारं आयती मिळतात. कमी चालणाऱ्या भाषेत ती हुडकावी लागतात. हत्यारं म्हणजे काय, तर ज्यात प्रोग्राम लिहायचा तो एडिटर. लिहिता लिहिता चुका दाखवणारा तपासनीस. वेड्यावाकड्या ओळी नीट लावून देणारं एक अवजार. दुसऱ्यांनी लिहिलेले भाग आणून जोडून देणारं आणखी एक. एकाचं दुसऱ्याशी जमेलच असं नाही. मला या कामाचा मनापासून उत्साह होता. मी भिंतीवर मोठा तक्ता लावला. उभ्या रांगेत हत्यारं, आडव्या रांगेत गुण. वेग, रंग, शोधायची सोय, जुन्या कॉम्प्युटरवर चालतं का, शिकायला किती दिवस. तीन आठवडे मी तो भरत होते. येणारे-जाणारे थांबून बघायचे आणि मला बरं वाटायचं. शेवटी मी एक एडिटर निवडला. त्याचं नाव घेत नाही, कारण त्याची काही चूक नव्हती. दिसायला फार देखणा होता. तेरा रंगांत प्रोग्राम दिसायचा आणि चूक झाली की त्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ उमटायची. रेघेवर माउस नेला की चूक काय ते छोट्या चौकटीत दिसायचं.

दिसायचं, दिसायचं, दिसायचं. तेव्हा मला हा शब्द टोचला नाही.

तक्ता घेऊन मी आमच्या मालकांकडे गेले. सगळे त्यांना काका म्हणत. मूळचे यंत्रावरचे माणूस, प्रोग्रामिंग त्यांना येत नसे, पण माणसं कळत. त्यांची केबिन म्हणजे प्लायवूडचं पार्टिशन, वरून उघडं. त्यांनी तक्ता पाहिला, मान डोलावली आणि विचारलं,

"शैलाताई, रावसाहेबांना विचारलं का? त्यांचं ते ऐकायचं यंत्र चालतं ना यात?"

मी म्हणाले, "हो, विचारलंय."

विचारलं नव्हतं. मला सांगता आलं असतं की राहिलं, आज विचारते. काका काही ओरडणारे नव्हते. पण तीन आठवडे भिंतीवर एवढा मोठा तक्ता लावून बसलेल्या बाईला, एक रकाना राहिला, असं म्हणवेना. मनात होतं, दुपारी विचारून टाकू. मग दुपारी वाटलं, आता विचारलं तर सकाळी विचारलं नव्हतं हे उघडं पडेल. दुसऱ्या दिवशी एडिटर सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर बसवायला घेतला. तिसऱ्या दिवशी विचारण्यासारखं काही उरलंच नाही. पार्टिशनच्या पलीकडे पहिलं टेबल रावसाहेबांचं होतं. त्यांचा दुसरा कान नेहमी मोकळा असायचा, हे मला चांगलं ठाऊक होतं.

रावसाहेब काम कसं करायचे ते सांगायला हवं. स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम असतो. त्यांनी त्याचा वेग इतका वाढवलेला असे की आम्हाला हेडफोन कानाला लावला तर कढईत मोहरी तडतडल्यासारखं काहीतरी ऐकू यायचं. त्यातून ते प्रोग्राम ऐकायचे. जुना एडिटर साधा, काळ्या पडद्याचा, नुसती अक्षरं. त्यात त्यांची बोटं आमच्या दुप्पट वेगाने चालत.

रोज ते कोल्हारहून एसटीने यायचे-जायचे, मनमाड रोडने. एकदा मी त्यांना विचारलं होतं, उतरायचं कधी ते कसं कळतं. ते म्हणाले, "फाटे मोजतो मॅडम. परत जाताना मुळेचा पूल वाजला की राहुरी. मग फॅक्टरीचा वास. मग प्रवरेचा पूल वाजला की पिशवी उचलायची." प्रोग्राममध्येही ते हेच करायचे. प्रोग्रामला ठिकठिकाणी फाटे फुटतात. धुणं संपलं असेल तर हे कर, नाहीतर ते कर. डोळ्यांनी बघणाऱ्याला फाटा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे ओळीच्या आतबाहेर सरकण्यावरून दिसतं. रावसाहेबांना ते ऐकू यायचं नाही. म्हणून ते प्रत्येक फाट्याच्या शेवटी एक टीप लिहायचे. टीप म्हणजे माणसांसाठी लिहिलेली ओळ, मशीन ती सोडून पुढे जातं. 'हितं धुन्याचा फाटा संपला.' 'हितं टँकरचा फाटा संपला.' सगळं रोमन लिपीत, आणि तेही त्यांच्या बोलणाऱ्या मशीनला नीट उच्चारता यावं अशा स्पेलिंगमध्ये. कुठे दोन 'ओ' जोडलेले, कुठे अक्षर तीनदा. कानाला बरोबर, पण डोळ्यांना ते अडाण्याने लिहिल्यासारखं दिसे.

नवा एडिटर आला. त्यांचं बोलणारं मशीन त्याच्यात शिरलं की गप्प व्हायचं, किंवा एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत बसायचं. लाल रेघेचं तर त्याला काही पत्ताच नव्हता. पहिल्या आठवड्यात रावसाहेब मला हाक मारायचे,

"मॅडम, लाल हाय का हितं?"

मी वाकून बघायची. "आहे. तिसऱ्या ओळीत."

"आता?"

"गेली."

दिवसातून पंधरा-वीस वेळा. मग दहा वेळा. मग माझ्या तोंडून एकदा निघून गेलं, "अहो रावसाहेब, जरा एकदम गोळा करून विचारा ना." त्यांनी हसून "व्हय मॅडम" म्हटलं. त्यानंतर ते मला कमी विचारू लागले आणि महिन्याभरात त्यांचं विचारणं बंदच झालं. मला वाटलं, जमलं त्यांना. खरं सांगायचं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं. ते जुन्या एडिटरमध्ये लिहून मग नव्यात चिकटवत होते आणि लाल रेघा त्यांना न दिसता तशाच राहत होत्या. त्यांचं काम रेंगाळायला लागलं.

पुढची गोष्ट सांगताना मान वर होत नाही. पुण्याहून एका मोठ्या डेअरीची माणसं आमचा प्रोग्राम बघायला येणार होती. आदल्या दिवशी मी सगळ्या फायली चाळल्या आणि जागोजाग 'हितं', 'संपला', 'धुन्याचा', तेही त्या विचित्र स्पेलिंगमध्ये, बघून मला घाम फुटला. मी मूळची नगर जिल्ह्यातल्या कर्जतची. पुण्यात इंजिनिअरिंगला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तोंडातून 'न्हाई' गेलं आणि वर्ग हसला. त्यानंतर मी माझ्या बोलण्यातून कर्जत असं घासून काढलं की आईसुद्धा म्हणाली, "तू आता रेडिओसारखी बोलती." आणि इथे माझ्या देखण्या, तेरा रंगांच्या प्रोग्राममध्ये चारशेच्या वर ठिकाणी तेच 'हितं' ठाण मांडून बसलेलं.

एका आज्ञेत सगळ्या टिपा पुसता येतात. मी पुसल्या. मग ओळी नीट लावणारं अवजार फिरवलं. प्रोग्राम एकदम स्वच्छ, पुणेरी दिसायला लागला. पाहुण्यांनी खूप वाखाणला.

दुसऱ्या दिवशी रावसाहेब बराच वेळ एकाच फाईलमध्ये खालीवर करत होते. मग म्हणाले, "मॅडम, माजे फाटे कुटं गेले?"

"आवरलं सगळं. आता ते अवजार आहे ना, ओळी आपोआप नीट लागतात. टिपांची गरज नाही."

"नीट म्हंजी?"

"म्हणजे, दिसायला नीट."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि चहाला गेले.

त्या वर्षाच्या कामाच्या आढाव्यात मी लिहिलं, 'नव्या साधनांशी जुळवून घेणे जड जाते.' पुढे माझीच सूचना, 'गिऱ्हाइकांशी फोनवर बोलण्याची हातोटी उत्तम. त्या कामासाठी विचार व्हावा.' कोणालाच नको असलेलं काम. काकांनी मला बोलावून विचारलं, "त्यांना पटलंय का हे?" मी म्हणाले, "त्यांना बरंच पडेल." निदान या खेपेला मी हो म्हणाले नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते.

खंडेनवमीचा तो फोन या सगळ्यानंतरचा.

त्यानंतर काही महिन्यांनी, संध्याकाळी सहाच्या सुमाराला, कर्जत बाजूच्या एका केंद्रावरून फोन आला. ऑपरेटरचं नाव दत्तू. रावसाहेबांनी फोन स्पीकरवर टाकला.

"सायेब, दुधाला सोड्याचा वास यायलाय. टाकीभर दूध हाय. काय करू?"

"टँकर भरला का?"

"न्हाई आजून."

"मंग भरू नगं. कुनाला हात लावू द्यू नगं. लाईट गेल्ती का तुमच्याकडं?"

"गेल्ती की. धुनं उशिरा सुरू झालं आज."

मी खुर्ची ओढून जवळ बसले. माझ्या मते व्हॉल्व्हच गळत असणार. रावसाहेबांनी मला हाताने थांबवलं. "दत्तू, साधं पानी सोड आन् धुनं परत लाव. मोबाईल व्हॉल्व्हापाशी धर. बोलू नगं."

फोनमधून पाण्याची खळखळ, मग फुस्स असा हवेचा आवाज, मग बऱ्याच वेळाने टक्क. रावसाहेब मान तिरकी करून ऐकत होते.

"सोड्याचा मिटायच्या आदीच दुधाचा उघडतुय," ते म्हणाले. "मॅडम, धुन्याचा फाटा बगा. कायतरी फाट्याच्या भाईर पडलंय."

मी फाईल उघडली. महिन्याभरापूर्वी तिथे मीच एक ओळ वाढवली होती. 'धुणं संपलं असेल तर सोड्याचा व्हॉल्व्ह मिट' ही ओळ रावसाहेबांची. तिच्याखाली मी लिहिलं होतं, 'दुधाचा व्हॉल्व्ह उघड.' मला दोन्ही ओळी फाट्याच्या आतच वाटत होत्या. पण या भाषेत फाट्याच्या आत एकाहून जास्त कामं असतील तर त्यांना कुंपण घालावं लागतं. मी घातलं नव्हतं. म्हणजे माझी ओळ फाट्याबाहेर रस्त्यावर उभी होती; धुणं संपो न संपो, दुधाचा व्हॉल्व्ह उघडत होता. एरवी धुणं वेळेत संपायचं म्हणून कळलं नाही. त्या दिवशी वीज गेली, धुणं लांबलं आणि सोडा दुधात गेला. आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अशी की ओळी नीट लावणाऱ्या त्या अवजाराने मला सांगितलं होतं. त्याने माझी ओळ दोन अक्षरं डावीकडे सरकवली होती, ही आत नाही म्हणून. मी ते बघितलंही होतं. मला वाटलं, आवरलंय त्याने.

मी जुनी प्रत काढून पाहिली. जिथे मी ती ओळ लिहिली नेमक्या त्याच जागी पूर्वी रावसाहेबांची टीप होती. हितं धुन्याचा फाटा संपला.

ते दूध कोणी प्यायलं नाही. टाकीभर दूध दत्तूने गटारात सोडलं. पाच-सहा गावांतून घागरींनी, किटल्यांनी आलेलं. तो फोनवर म्हणाला, "बगवत न्हाई मॅडम."

काका बाहेर आले. "काय झालं होतं?"

आता सांगायची वेळ होती. टिपा मी पुसल्या, ओळ मी लिहिली, एडिटरबद्दल रावसाहेबांना मी कधी विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, "भाषा नवीन आहे काका. तिच्या काही खोडी अजून कळायच्यात." काकांनी रावसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला, शाबास म्हणाले आणि आत गेले. रावसाहेबांच्या जागी मी असते तर तिथल्या तिथे सगळं बाहेर काढलं असतं. त्यांनी फक्त फोन जागेवर ठेवला.

दोनच महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. अंध मुलांच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला गेले. निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ दिलं आणि भाषण करायची पाळी माझ्यावर आली. त्यांच्या जुळवून घेण्याच्या वृत्तीबद्दल मी बोलले. हेच शब्द, आढाव्यातले, फक्त उलटे करून. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा त्यांना न विचारता लिहायचं नाही एवढं मी ठरवलं. फोन न करता नगरहून एसटीने कोल्हारला गेले. प्रवरेचा पूल वाजला तेव्हा पिशवी उचलली. त्यांच्या पत्नी संगीताताईंनी ओळखलं, या म्हणाल्या. रावसाहेब ओट्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. केस पांढरे झालेत. मी बोलायच्या आधीच म्हणाले, "मॅडम? तुमच्या चपलांचा आवाज तोच हाय."

लॅपटॉपवर काळा पडदा होता आणि त्यावर जे लिहिलेलं होतं ते मी लगेच ओळखलं. उंट.

"हे तुम्ही ओकॅमल वापरता?"

"पोरांना शिकवतोय. लई चांगली भाषा हाय मॅडम. ह्ये ऐका." त्यांनी हेडफोन काढला, आवाज मोठा केला, वेग माझ्यासाठी कमी केला. मुद्दाम एक चूक केली. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या आणि मशीनने त्या वाचून दाखवल्या. अमुक ओळ, अमुक अक्षर. इथे दूध पाहिजे होतं, तुम्ही सोडा दिलात. शब्दांत, सविस्तर. लाल रेघ नाही, चौकट नाही, रंग नाही. "ही बोलती हाय भाषा. बाकीच्या भाषा चूक झाली तरी गप बसत्यात. आमच्यासारख्याला ह्याच्यापरीस बरी कुटली न्हाई."

म्हणजे निवडलेली भाषा बरोबर होती. मी तिच्यावर देखणा एडिटर चढवून तिला मुकी केली होती.

लेखाचं विचारलं, ते "लिवा की" म्हणाले, आणि मी सांगायला सुरुवात केली. तक्ता, काका, हो म्हणणं. अर्ध्यातच त्यांनी हात वर केला.

"त्ये म्हाईत हाय मला. पार्टिशन वरनं उघडं हुतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, हो म्हणाल्यात म्हंजी आज इचारनार. काकांम्होरं शब्द दिलाय म्हणल्यावर इचारनारच की. म्या समदं ठरवून ठिवलं हुतं, काय काय सांगायचं त्ये. दोन दिस एसटीत त्येच घोकत हुतो. तिसऱ्या दिशी तुमी माज्या मशीनवर एडिटर बसवला, तवा सोडून दिलं."

संगीताताईंनी चहा आणून ठेवला. मला कप उचलवेना. डोळ्यांतलं पाणी पुसायचीही लाज वाटली. त्यांना ते दिसणार नव्हतं, म्हणून तर जास्तच.

मग मी विचारलं. ज्या शब्दांत तेव्हा विचारायला हवं होतं त्याच शब्दांत. "रावसाहेब, आपण नवी भाषा आणतोय. तुम्हाला कोणता एडिटर लागेल?"

मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी लॅपटॉप मिटला, सरळ होऊन बसले आणि ऑफिसात बोलायचे त्या आवाजात उत्तर द्यायला लागले. "पहिलं म्हंजी, एडिटर जुनाच ठेवा, काळ्या पडद्याचा, भाषा तेवढी बदला. दुसरं, चुका शब्दात येऊ द्या, रंगात नगं. त्याला येक आज्ञा हाय, मी हुडकलीय. तिसरं, वळी नीट लावनारं अवजार फिरवा, काय हरकत न्हाई, पन माज्या फाट्यांना हात लावू नगा. डोळसांना बी त्यांचा उपेग हुईल. आन् चौथं, मला आठ दिस द्या." एकेका मुद्द्याला ते एकेक बोट मिटत होते. एकही शब्द अडखळला नाही. इतक्या वर्षांत त्यातलं काहीच ते विसरले नव्हते.

त्यांचं सगळं सांगून झालं तेव्हा माझा चहा अजून गरम होता.